मेघनाद साहा : जिद्द स्वतःची, पैसा कुणाचा?

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या वस्त्यावस्त्यांतून गुणवंतांचे सत्कार होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या सत्कारांच्या व्यासपीठावरून अलीकडे एक नवीच शिकवण ऐकू येते. माणसाने मनात आणले तर काहीही अशक्य नाही, पहाटे उठा, ध्येय भिंतीवर लिहून ठेवा, यश पायाशी लोळण घेईल, असे सांगून व्यक्तिमत्त्व विकासाचे वक्ते मानधनाचे पाकीट घेऊन निघून जातात. याचा सरळ अर्थ असा की जो मागे राहिला त्याची इच्छाशक्ती कमी पडली. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, वसतिगृहात जागा मिळाली नाही, संशोधनाचा खर्च पेलवला नाही, हे सारे गौण. दोष त्या पोराचाच! आम्ही वकिली करणारी माणसे. अर्धा पुरावा दडवून मिळवलेला निकाल अपिलात टिकत नाही, हे आम्हाला धंद्यानेच शिकवले आहे. म्हणून आज अशा एका माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो, ज्याची इच्छाशक्ती वादातीत होती आणि तरीही ज्याच्या आयुष्याच्या प्रत्येक वळणावर पैशाचा प्रश्न आडवा आला. हा माणूस म्हणजे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे छोटेसे किराणा दुकान. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. मुलाने अक्षरओळख करून घ्यावी आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसावे, यापलीकडे वडिलांची अपेक्षा नव्हती. साहा हे व्यापार करणाऱ्या, पण ब्राह्मणी उतरंडीत खालच्या मानल्या गेलेल्या जातीत जन्मले. बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्यांची जात नाही, हेही आम्ही इथेच स्पष्ट करतो. पण यादीत नसल्याने पंगतीतला अपमान चुकत नाही. तो पुढे येईलच.

गावात प्राथमिक शाळेच्या पुढे सोय नव्हती. पुढची शाळा शिमुलिया गावी, सुमारे दहा किलोमीटर दूर. रोज चालत जाणे शक्य नाही आणि तिथे राहण्याइतका पैसा नाही. थोरला भाऊ जयनाथ याने धडपड करून त्या गावचे डॉक्टर अनंतकुमार दास यांना गाठले. त्यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. अट एवढीच की घरची लहानसहान कामे करायची, गाईची देखभाल करायची आणि आपले ताट आपण धुवायचे. मेघनाद गाईचे सारे करीत आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत. शेवटी माध्यमिक परीक्षेत ते साऱ्या ढाका जिल्ह्यात पहिले आले. दरमहा चार रुपयांची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली.

१९०५ साली ते ढाक्याच्या कॉलेजिएट शाळेत दाखल झाले. त्यांचा खर्च कसा चालत होता, हे पाहण्यासारखे आहे. शिष्यवृत्तीचे चार रुपये. ताग कारखान्यात महिना वीस रुपयांवर काम करणाऱ्या जयनाथने पाठवलेले पाच रुपये. पूर्व बंगालच्या वैश्य समितीचे दोन रुपये. अशा तीन झऱ्यांवर एका भावी शास्त्रज्ञाचे शिक्षण चालले होते. त्यातला सर्वांत भरवशाचा झरा त्याच वर्षी आटला. बंगालच्या फाळणीविरुद्ध आंदोलन पेटले होते. गव्हर्नर फुलर यांच्या शाळाभेटीवर ज्या विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला, त्यांत मेघनाद होते. शाळेतून नाव कमी झाले आणि शिष्यवृत्तीही गेली. किशोरीलाल जुबिली या खासगी शाळेने त्यांना घेतले, म्हणून शिक्षण वाचले. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालमध्ये पहिले आले.

इथे त्यांच्या सवयींविषयी सांगितले पाहिजे, कारण सवयीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. ढाका कॉलेजात इंटरला असताना साहांनी एक जादा विषय घेतला, जर्मन भाषा. व्हिएन्नाहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले प्रा. नगेंद्रनाथ सेन ती शिकवीत. खेड्यातून आलेल्या, हातात दमडी नसलेल्या पोराला जर्मनचा काय उपयोग, असे तेव्हा कुणीही म्हणाले असते. पण हातात घेतलेली गोष्ट अर्धवट सोडायची नाही, रोज थोडे पुढे सरकायचे, ही त्यांची सवय. त्या जर्मनने पुढे त्यांचे नशीब बदलले.

१९११ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. सत्येंद्रनाथ बोस त्यांचे वर्गमित्र, तर जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय त्यांचे गुरू. वर्गात विद्येचा असा दरबार, आणि ईडन हिंदू वसतिगृहात मात्र मनूचा कायदा! उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी साहांना आपल्या पंगतीला बसू दिले नाही. सरस्वतीच्या पूजेच्या वेळी त्यांना दूर ठेवले गेले. जिला विद्येची देवता म्हणतात, तिच्याच पूजेत वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांपैकी एकाला मज्जाव! अखेर ते वसतिगृह सोडून मेसमध्ये राहायला गेले. १९१३ साली गणितात पदवी आणि १९१५ साली उपयोजित गणितात एम.एस्सी., दोन्ही वेळा बोस पहिले आणि साहा दुसरे.

पदवीनंतर सरकारच्या वित्त खात्याची परीक्षा देऊन नोकरी धरावी, घर सावरावे, असा त्यांचा विचार होता. पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून परीक्षेला बसण्याची परवानगीच नाकारली गेली. मग सायकलवरून कोलकाताभर फिरून त्यांनी शिकवण्या केल्या. हा माणूस विज्ञानाकडे परतला याचे श्रेय त्याच्या जिद्दीला आहेच, पण त्याच सुमारास घडलेल्या आणखी एका घटनेलाही आहे. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामांकित कायदेपंडितांनी आपली लाखो रुपयांची कमाई कोलकाता विद्यापीठाला विज्ञान महाविद्यालयासाठी देऊन टाकली होती. पालितांच्या देणगीची अट होती की तिच्यातून निर्माण होणारे प्राध्यापकपद भारतीयालाच मिळाले पाहिजे. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी त्या पैशावर महाविद्यालय उभारले आणि १९१६ साली साहा व बोस यांना तिथे व्याख्याते म्हणून घेतले. आमच्या व्यवसायातील दोन माणसांनी पैसा असा वापरला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. आणि अटीचे मोलही लक्षात यावे. देणगी किती, याइतकेच ती कोणत्या अटीवर आहे, हे महत्त्वाचे असते.

महाविद्यालय नवे. प्रयोगशाळा नावापुरती, ग्रंथालयात नवी पुस्तके नाहीत, युरोपात महायुद्ध चाललेले. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्रूल नावाच्या प्राध्यापकाकडे आधुनिक भौतिकशास्त्रावरची जर्मन पुस्तके होती. साहांनी ती आणून वाचली. इंटरला शिकलेले जर्मन इथे कामी आले. आईन्स्टाईन आणि मिंकोवस्की यांच्या सापेक्षतावादावरील निबंधांचे साहा आणि बोस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कोलकाता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केले.

आता १९१७ सालची गोष्ट. प्रकाशाचा दाब सूर्याच्या वातावरणातील अणूंवर निवडक रीतीने कसा काम करतो, यावर साहांनी एक मोठा निबंध लिहिला आणि अमेरिकेतील खगोल-भौतिकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आले की निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा वाटा लेखकाने उचलला तर छापू. तो वाटा शेकडो डॉलर्सचा होता. आईवडील आणि धाकट्या भावाला पोसणाऱ्या व्याख्यात्याला तो भरणे अशक्य होते. निबंधाचे तिथे केवळ एक छोटे टिपण छापून आले. पूर्ण निबंध विद्यापीठाच्या स्वतःच्या, फारसा कुठे न पोचणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्या विषयाचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडमधील संशोधकांना मिळाले. १९३६ साली साहा अमेरिकेतील यर्किस वेधशाळेत गेले, तेव्हा त्यांचे ते हस्तलिखित तिथे तसेच पडून असलेले त्यांना दाखवण्यात आले. एकोणीस वर्षे! बुद्धी कमी नव्हती, कष्ट कमी नव्हते, सवयी चोख होत्या. कमी होते ते छपाईचे पैसे. इच्छाशक्तीच्या वक्त्यांनी या हस्तलिखिताचे काय ते उत्तर द्यावे.

हे १९१७ साल आमच्या वाचकांना आणखी एका कारणाने ठाऊक आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून याच वर्षी परतावे लागले. दिवसाचे अठरा तास अभ्यास करणाऱ्या बाबासाहेबांची इच्छाशक्ती तेव्हा कमी पडली होती, असे म्हणायची कुणाची छाती आहे? १९२० साली स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची मदत जमली तेव्हाच ते लंडनला परतू शकले. साहाही १९२० मध्येच लंडनला पोचले. दोघांची तिथे भेट झाली असा आमचा दावा नाही. पण एका वसाहतीतील दोन बुद्धिमंत एकाच वर्षी पैशापायी अडले आणि पैसा मिळाल्यावर एकाच वर्षी सुटले, ही नोंद करावीच लागेल.

साहांच्या प्रवासामागे दोन शिष्यवृत्त्या होत्या. एक गुरुप्रसन्न घोष यांच्या नावाची आणि दुसरी प्रेमचंद रायचंद यांच्या नावाची. प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईचे कापसाचे व्यापारी, ज्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्यांनी १८६६ साली कोलकाता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाख रुपयांच्या निधीने पन्नासाहून अधिक वर्षांनी ढाक्याच्या खेड्यातील एका दुकानदाराच्या मुलाला हात दिला. माणूस जातो, निधी नीट बांधलेला असेल तर तो काम करीत राहतो.

पण विलायतेला निघण्यापूर्वीच साहांनी आपले सर्वांत मोठे काम कोलकात्यातच केले होते. ते असे. ताऱ्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून पाहिला की त्यात वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा दिसतात. काही ताऱ्यांत काही रेषा दिसत नाहीत. मग ते मूलद्रव्य तिथे नाही काय? एका जर्मन नियतकालिकात १९१९ साली आलेला एगर्ट यांचा निबंध वाचताना साहांना किल्ली सापडली. तप्त वायूत अणूंमधून इलेक्ट्रॉन निसटतात आणि ते किती प्रमाणात निसटतील हे तापमान व दाब यांवर ठरते. हे प्रमाण काढणारे समीकरण साहांनी मांडले. १९२० साली ते लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये प्रसिद्ध झाले. ताऱ्यांमधला फरक मुख्यतः तापमानाचा आहे, हे त्यातून उघड झाले. आज जगभर ते साहा समीकरण म्हणून शिकवले जाते.

बीज कोलकात्याचे, पीक मात्र दुसऱ्यांच्या शेतात आले. सूर्यावरील थंड डागांत रुबिडियमच्या रेषा सापडतील, असे भाकीत साहांनी केले होते. त्या शोधल्या अमेरिकेच्या रसेल यांनी, कारण माउंट विल्सनची वेधशाळा तिकडे होती आणि तिच्यामागे कार्नेगी संस्थेचा पैसा होता. १९२५ साली हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या तरुणीने साहांचे समीकरण वापरून तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले आहेत हे दाखवले. या संशोधकांची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. पण ज्याने समीकरण दिले त्याच्या हाती एक धड वर्णपटमापकही नव्हता.

लंडनमध्ये फाउलर आणि बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत काम करून साहा १९२१ साली प्राध्यापक म्हणून कोलकात्याला परतले. प्रयोगशाळेसाठी पैसा हवा होता, पण त्याच वेळी विद्यापीठ आणि सरकार यांच्यात जुंपली होती. सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले ते विद्यापीठाचे स्वातंत्र्य आवळणाऱ्या अटींसह. आशुतोष मुखर्जींनी ते बाणेदारपणे नाकारले. निर्णय योग्यच होता. पण त्याची किंमत प्रयोगशाळांनी मोजली. साहा १९२३ साली अलाहाबादला निघून गेले. तिथेही वर्गांचा बोजा मोठा आणि साधने तुटपुंजी. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेव्हा कुठे प्रांतिक सरकारला जाग आली आणि संशोधनासाठी वार्षिक अनुदान सुरू झाले. ज्याला मदतीची गरज असते त्याला ती मिळत नाही, आणि नाव झाल्यावर मात्र दारे उघडतात, हा अनुभव आमच्या समाजाला काही नवीन नाही.

इथून साहांच्या आयुष्याला वेगळे वळण लागते. आपले आपण मोठे झालो, आता स्वस्थ बसावे, असे त्यांनी मानले नाही. पैसा कुठून यावा, कुणी वाटावा आणि कुणाला मिळावा, याची रचनाच त्यांनी हाती घेतली. अलाहाबादेत १९३० साली विज्ञान अकादमी उभारली. १९३४ साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. तिथे त्यांनी साऱ्या देशासाठी विज्ञान अकादमीची मागणी केली. १९३५ साली सायन्स अँड कल्चर हे नियतकालिक काढले. विज्ञान हे राष्ट्राच्या नियोजनाचे हत्यार झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली, त्यामागे साहांचा पाठपुरावा होता.

त्याच सुमारास त्यांनी पोथीनिष्ठांनाही अंगावर घेतले. ढाक्याच्या एका वयस्क वकिलाने त्यांना संशोधनाविषयी विचारले आणि सारे ऐकून घेतल्यावर, यात नवीन काय, हे सगळे वेदांत आहेच, असे सांगितले. साहांनी विचारले की वेदांत नेमके कुठे? तेव्हा गृहस्थाने कबूल केले की आपण वेद वाचलेले नाहीत! हा किस्सा साहांनी लिहिला आणि मोठे वादळ उठले. ते मागे हटले नाहीत. सगळे आधीच पोथीत असेल, तर नव्या संशोधनाला पैसा कशाला, असा प्रश्न कोणत्याही राज्यकर्त्याला पडू शकतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९४३ साली दामोदर नदीला भीषण पूर आला. चौकशी समितीत साहा होते. विद्यार्थिदशेत १९१३ च्या पुरात त्यांनी याच खोऱ्यात मदतकार्य केले होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, वीज आणि सिंचन यांची एकत्रित योजना करावी, असे त्यांनी आकडेवारीसह मांडले. त्या वेळी केंद्र सरकारात हे खाते सांभाळत होते मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात झालेल्या दामोदर परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. एकाने वैज्ञानिक बाजू मांडली, दुसऱ्याने राज्यसत्तेची शक्ती तिच्यामागे उभी केली, आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

अणुसंशोधनातही साहांची झुंज पैशाशीच होती. सायक्लोट्रॉन यंत्रासाठी टाटांच्या विश्वस्त निधीने साठ हजार रुपये दिले. पण त्याच्या पंपांची खेप आणणारे जहाज युद्धात बुडाले आणि काम वर्षानुवर्षे रखडले. तरी त्यांनी कोलकात्यात अणुभौतिकी संस्था उभी केलीच. ११ जानेवारी १९५० रोजी आयरीन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मात्र स्वतंत्र भारताच्या अणुधोरणाची सूत्रे होमी भाभांकडे गेली. भाभा थोर शास्त्रज्ञ होते, यात शंका नाही. साहांचा आक्षेप रचनेवर होता. १९४८ च्या कायद्याने सारे गुप्ततेच्या पडद्याआड नेले, पैसा विद्यापीठांना न मिळता मोजक्या संस्थांकडे वळला, असे ते म्हणत. विद्यापीठात गरिबाचा मुलगा पोचू शकतो. संशोधन विद्यापीठातून उठून गेले, तर त्या मुलाच्या हाती नुसती पाठ्यपुस्तके उरतात. हे ज्याने स्वतः भोगले होते, तोच ते इतक्या स्पष्टपणे पाहू शकत होता.

१९५२ साली ते अपक्ष म्हणून कोलकात्यातून लोकसभेवर निवडून आले. १९५४ साली अणुशक्तीच्या शांततामय वापरावर त्यांनी लोकसभेत चर्चा घडवून आणली. त्याच काळात बाबासाहेब राज्यसभेत होते. पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष म्हणूनही साहांनी काम केले आणि देशभरच्या पंचांगांचा गोंधळ निस्तरणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. ते पाहायला साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे चालत जात असताना हृदयविकाराने ते रस्त्यातच कोसळले. वय बासष्ट. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आता या चरित्राचा निकाल काय? साहांच्या जागी सवयी नसलेला मुलगा असता तर शिष्यवृत्ती वाया गेली असती, हे आम्हाला मान्य आहे. पहाटेचा अभ्यास, परकी भाषा, न कंटाळता वाचणे, यांना पर्याय नाही. पण जयनाथचे पाच रुपये नसते, पालितांचे महाविद्यालय नसते, प्रेमचंद रायचंदांचा निधी नसता, तर हीच जिद्द शेवडातलीच्या दुकानात तराजू तोलत संपली असती. अशा किती जिद्दी संपल्या, याची नोंद कुठल्याच चरित्रात नसते. म्हणूनच बाबासाहेबांनी व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सरकारशी भांडून अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी पैसा मिळवला आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दात्याची दया त्यांनी हक्कात बदलली.

त्या हक्काची आज काय अवस्था आहे? २०२०-२१ च्या आकड्यांनुसार आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा अंदाज मांडला गेला, आणि त्यातले छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यावेत असे ठरले. उद्योगांनी पैसा द्यावा, पालित-घोषांनीही दिला होता. पण अट काय आणि वाटप कुणाच्या हाती? जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलीपर्यंत त्यातले काय पोचणार? त्याच २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले. ग्रंथालयात बसायची पोरे मैदानात बसली, तर दोष त्यांच्या सवयींचा नव्हे.

म्हणून पुढच्या सत्काराला वक्ता बोलवाल तेव्हा त्याला मेघनाद साहांची सगळी हकिगत सांगायला लावा, चार रुपयांसकट. आणि सत्कारात शाल-श्रीफळावर होणारा खर्च एका मुलाच्या पुस्तकांच्या, परीक्षा शुल्काच्या नावे लावा. पोरांनो, अभ्यासाची सवय सोडू नका. ती तुमची जबाबदारी. आणि मोठ्यांनो, शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर माहिती अधिकारात विचारा, दाद मागा, गरज पडली तर न्यायालयात चला. आम्ही वकील मंडळी त्यासाठी उभे आहोत. ती आमची जबाबदारी. जयभीम!